जिन्यापाशी एक मोठं माणूस

माझ्याइतकी मूर्ख बाई या शाळेत दुसरी नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं ऐकताना कुणी माझी कीव करायला जाणार नाही.

सत्तावीस वर्षं मी मुलांचं अक्षर सुधारते आहे. विषय भाषेचा, पण पोरांनी माझं नाव ठेवलंय अक्षरबाई, आणि त्यात काही खोटं नाही. वह्यांचा गठ्ठा समोर आला की वरची नावं झाकून मी नुसत्या अक्षरावरून सांगते, ही अमकीची, ही तमक्याची. एवढंच नाही, कुणाचंही अक्षर मी फळ्यावर हुबेहूब काढून दाखवते. "बघ, असं लिहितोस तू," म्हटलं की वर्ग खो खो हसतो आणि ज्याचं अक्षर तो मान खाली घालतो. शिक्षकांच्या खोलीत तर हा करमणुकीचा कार्यक्रमच होता. गणिताचे सर कुठलाही कागदाचा कपटा पुढे करायचे, मी चष्मा कपाळावर चढवून एका नजरेत मूल ओळखायचे, आणि सगळे वाहवा करायचे. वाहवा कुणाला नको असते?

नववीतल्या एका मुलीला मी मुंगी म्हणते. तिचं अक्षर मुंगीच्या पायांसारखं, एका ओळीत दोन ओळींचा मजकूर मावतो. मुलगीही तशीच आहे. मुकाट, कामसू, कायम भिंतीच्या कडेकडेनं जाणारी. वडिलांचं चष्म्याचं दुकान आहे, आणि "घरात एवढे चष्मे असून इतकं बारीक लिहितेस, गिऱ्हाईक वाढवायचंय का?" असं मी तिला वर्गात चिडवायचे. ती हसायची. निदान मला तेव्हा ते हसणं वाटायचं.

आता पेटीचं सांगते. ऑफिसबाहेरच्या भिंतीवर आमच्या शाळेची तक्रारपेटी आहे. लाकडी, हिरवी, कुलूपवाली. तिच्यावर पांढऱ्या रंगात लिहिलंय, "निर्भयपणे लिहा. नाव गुप्त राहील. इथे प्रत्येक मूल सुरक्षित आहे." अक्षर सुरेख आहे. असणारच, मीच काढलंय. त्या तीन वाक्यांना माझे दोन दिवस गेले होते. पेटी टांगली, फोटो काढले, आणि मग तिची किल्ली कुठल्या खणात आहे हेही कुणाला आठवेना. यंदा तपासणीचे साहेब येणार म्हणून मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, ती सोमवारी उघडायला लावली. चिठ्ठ्या वाचायच्या, रजिस्टरमध्ये नोंद करायची, पुढे "निकाली" असा शेरा मारायचा.

मी पेपर द्यायला त्यांच्या खोलीत गेले तेव्हा टेबलावर चिठ्ठ्यांचा ढीग होता. पंखा हलत नाही. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही. खेळाचे सर शिव्या देतात. एका महाभागानं तर चॉकलेटचा कागद टाकला होता. मोठ्या बाईंच्या हातात मात्र एक वेगळीच चिठ्ठी होती. आठ घड्या घातलेली, घड्यांवर मऊ पडलेली. त्यांचा चेहरा उतरला होता, पण मी चेहरे वाचत नाही ना, मी अक्षर वाचते.

"बाई, हे कुणाचं अक्षर?" त्यांनी चिठ्ठी माझ्यापुढे धरली.

मी चष्मा कपाळावर चढवला. अक्षर तिरकं होतं, मुद्दाम डावीकडे कलतं केलेलं. कुणीतरी हात लपवायचा प्रयत्न केला होता, आणि मला चेव आला. मला फसवता? ओळीच्या शेवटी तेच नेमकं थबकणं, शब्दांमध्ये तीच काटकसर. एक क्षणही लागला नाही.

"ही आपली मुंगी! नववी ब, खिडकीजवळचा दुसरा बाक," मी टाळी वाजवून म्हटलं. टाळी वाजवली मी. ते मला आजही आठवतं.

मोठ्या बाईंनी पॅडवर नाव लिहिलं. तोवर माझी नजर अक्षरांवरून खाली मजकुरात उतरली.

"माझी वही वर्गातल्या तिघींच्या हाती लागली आहे. मला मुली आवडतात हे त्यांना त्यातून कळलं आहे. मधल्या सुट्टीत त्या मला प्रयोगशाळेच्या जिन्यावर बोलावतात. आले नाही तर वही घरी पोचवू म्हणतात. तिथे काय करतात ते लिहवत नाही. कृपा करून माझ्या घरी सांगू नका, घरी कळलं तर माझी शाळा संपेल. त्या तिघींना शिक्षासुद्धा नको, त्या सूड घेतील. फक्त मधल्या सुट्टीत जिन्यापाशी एखादं मोठं माणूस उभं करा. त्यानं काही बोलायची गरज नाही. नुसतं उभं राहायचं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फक्त हात माझा होता आणि अवलक्षण त्या पोरीच्या कपाळी आलं. त्या पोरीनं अक्षर वाकडं करून स्वतःला लपवलं होतं, आणि तिला उजेडात ओढायला सबंध शाळेत एकच माणूस लायक होतं.

"मोठ्या बाई, माझं चुकलं. ही मुंगी नाही. नीट पाहिलं आता मी."

"तुमचं आणि अक्षर चुकलं?" त्यांनी फोन उचललासुद्धा. "सत्तावीस वर्षांत एकदा तरी चुकलंय का?"

"पण ती लिहिते आहे ना, घरी सांगू नका! तीनदा वाचा हवं तर!"

"बाई, बसा. पोरीनं उद्या जिवाचं काही बरंवाईट केलं तर आईबाप मला विचारतील, तुम्हाला माहीत होतं आणि आम्हाला का नाही सांगितलं? काय उत्तर देऊ?" त्या वाईट बाई नाहीत. खरोखर घाबरल्या होत्या. घाबरलेलं माणूस पहिल्यांदा जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात टाकतं, आणि तीच आता फोनवर चष्मेवाल्याच्या गळ्यात पडत होती. "हो, चार वाजता या. नाही, फोनवर नको. मुलीच्या अक्षरातली एक चिठ्ठी मिळालीय."

चारपर्यंत मी काय केलं ते मला धड सांगता येणार नाही. सातवीला शिकवायला गेले आणि फळ्यावर तारीख घालून तशीच उभी राहिले. ही चिठ्ठी दुसऱ्या मुलीची आहे असं सांगावं, तर कुठल्या? कुणाच्या लेकीला बळी देऊ? चिठ्ठी चोरून फाडून टाकावी, तर ती मोठ्या बाईंच्या कपाटात. पोरीला पळून जा म्हणावं, तर कुठे? चौदा वर्षांची पोर, ती शाळेतून घरी आणि घरातून शाळेत एवढंच पळू शकते. इकडे आड आणि तिकडे विहीर, आणि दोन्हीकडे ढकलणारी मीच. मला खोलीच्या भिंतीवर डोकं आपटावंसं वाटत होतं.

चार वाजता चष्मेवाले आले. सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, हळू बोलणारा माणूस. मला वाटलं होतं आरडाओरडा करणारा बाप असेल. तसा असता तर बरं झालं असतं. मुंगीला वर्गातून बोलावून आणलं होतं, ती कपाटाला टेकून उभी होती. चष्मेवाल्यांनी खिशातून दुकानातलं भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि चिठ्ठी सावकाश वाचली. घड्याळ दुरुस्त करत असल्यासारखी. मग भिंग खाली ठेवलं.

"तिरकं काढलंय, पण अक्षर हिचंच आहे," ते म्हणाले. "चल, दप्तर घेऊन ये."

"अहो, शांतपणे घ्या," मोठ्या बाई म्हणाल्या.

"मी शांतच आहे. तिची आत्या लांब राहते, माणसांत फारशी नाही. तिथं ठेवतो. शाळा खूप झाली." त्यांचा आवाज जराही चढला नाही. "दप्तर आण म्हटलं ना मी?"

मुंगी हलली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि त्याच क्षणी माझ्या तोंडून निघालं, "चिठ्ठी मी लिहिलीय."

मी टेबलावरचा कोरा कागद ओढला, पेन घेतलं आणि लिहायला लागले. "माझी वही वर्गातल्या तिघींच्या हाती लागली आहे." तिरकं, बारीक, ओळीच्या शेवटी थबकत. मजकूर तोंडपाठ होता, दुपारपासून दुसरं काही डोक्यात नव्हतंच. अर्धा कागद भरला आणि चष्मेवाल्यांपुढे सरकवला.

"तुमच्या मुलीचं अक्षर फार वेगळं आहे, म्हणून मला ते काढायची सवय आहे. पेटीतलं कुणी वाचतं की नाही ते बघायला मी ही चिठ्ठी टाकली. भलतंच लिहिलं, म्हणजे दुर्लक्ष होणार नाही. कुणाचं अक्षर घेतेय याचा विचार केला नाही. चूक माझी आहे. हिला यातलं काही माहीत नाही."

ते दोन्ही कागद शेजारी ठेवून भिंगातून बघत राहिले. किती वेळ कोण जाणे. शेवटी त्यांनी भिंग रुमालात गुंडाळलं आणि सुटकेचा एवढा मोठा श्वास टाकला, की मला त्या माणसाची दया आली आणि त्याच्या कानाखाली वाजवावीशीही वाटली.

"बाई, तुम्हाला लेकरं नसतील," ते म्हणाले. "असती तर असा खेळ केला नसतात." आणि मुलीच्या डोक्यावर हात ठेवून निघून गेले. आत्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

मी जिंकले असं मला वाटलं. अगदी दाराबाहेर जाईपर्यंत वाटत होतं.

मुंगी व्हरांड्यात थांबली होती. जवळ गेले तर म्हणाली, "बाई, मी तिरकं लिहिलं होतं."

"हो गं."

"डाव्या हातानं लिहून बघितलं आधी. ते वाचता येईना. मग उजव्यानं तिरकं केलं. तरी कसं ओळखलंत?"

काय सांगू? मला वाहवा हवी होती, हे सांगू? "माझं चुकलं, बाळा," एवढंच म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या मुलाची माफी मागत होते, आणि ती कशी मागतात तेही मला ठाऊक नव्हतं.

तिनं मान डोलावली. मग जरा विचार करून म्हणाली, "म्हणजे आता ती चिठ्ठी कुणी लिहिलेलीच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे जिन्यापाशी कुणी उभं राहणार नाही ना."

ती निघून गेली. भिंतीच्या कडेकडेनं.

मी तशीच उलट्या पावली मोठ्या बाईंच्या खोलीत शिरले. त्या रजिस्टर लिहीत होत्या. मी वाकून वाचलं, "सदर चिठ्ठी बनावट असल्याचे निष्पन्न. तक्रार निकाली."

"मोठ्या बाई, जिन्यापाशी कुणालातरी उभं करा. मधल्या सुट्टीत वीस मिनिटं. बाकी काही मागत नाही."

"कुठल्या तक्रारीवरून?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "तक्रारच नाही आता. तुम्हीच खोडलीत."

"तुम्हाला माहीत आहे चिठ्ठी खरी आहे."

"मला काय माहीत आहे ते इथे लिहिता येत नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "तुम्ही बापासमोर कबूल केलंत. आता मी काही केलं नाही, तर तो उद्या विचारेल, त्या बाई अजून शाळेत कशा? चौकशी होईपर्यंत पंधरा दिवस शाळेत येऊ नका. किल्ल्या ठेवून जा."

पोरीला घरापासून वाचवायला मी तिची हाकच पुसून टाकली होती. आता ती पुन्हा लिहील? पुन्हा लिहिलं तर बाप भिंग काढणार. न लिहिलं तर जिना आहेच. आणि वही अजून त्या तिघींच्या दप्तरात आहे. आगीतून फुफाट्यात म्हणतात, पण तिथं निदान माणूस स्वतःच्या पायांनी जातं. हिला मी उचलून टाकलं होतं.

निघता निघता मी एकेकाला धरलं. गणिताचे सर म्हणाले, "बाई, मधल्या सुट्टीत माझे पेपर तपासायचे असतात, आणि खरं सांगू, या असल्या भानगडीत न पडलेलं बरं." खेळाच्या सरांना मी विचारलंच नाही. प्रयोगशाळेच्या बाई म्हणाल्या, "का उभं राहायचं ते तरी सांगा." तेच तर मला सांगता येत नव्हतं. सांगितलं की पोर उघडी पडते. सत्तावीस वर्षं शब्दांवर पोट भरलं आणि ऐन वेळी एक वाक्य मला सापडलं नाही.

मंगळवारी मधल्या सुट्टीच्या वेळेला मी शाळेसमोरच्या फुटपाथवर उभी होते. घरी बसवेना. रस्त्यावरून प्रयोगशाळेच्या जिन्याची उभी काच दिसते. घंटा झाली. सगळी शाळा खाली मैदानात आली, आणि एकच बारीक आकृती उलट्या दिशेनं वर चढताना दिसली. वळणावर थांबली. तिच्या मागोमाग तिघी चढल्या. मग काचेत नुसत्या पाठी दिसत होत्या, तीन पाठी. मुंगी दिसत नव्हती.

मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही. मध्ये बस, ट्रक, शे-दोनशे हॉर्न. रस्ता कसा ओलांडला ठाऊक नाही, फाटकाशी पोचले तर वॉचमनकाकांनी काठी आडवी केली.

"बाई, ऑर्डर आहे. तुम्हाला आत सोडायचं नाही."

"काका, दोन मिनिटं."

"माझी नोकरी जाईल हो. एजन्सीचा माणूस मी. या वयात कोण ठेवणार?"

साठीचा माणूस, बिचारा. सकाळ-संध्याकाळ मला नमस्कार करणारा. मी फाटकाचे गज धरून उभी राहिले आणि मला रडू फुटलं, भर रस्त्यात. आणि रडता रडता त्यांची खुर्ची दिसली.

"मग तुम्ही जा," मी म्हटलं.

"कुठं?"

"प्रयोगशाळेच्या जिन्यावर. वळणावर उभं राहायचं."

"आणि करायचं काय?"

"काही नाही. बोलायचंसुद्धा नाही. नुसतं उभं राहायचं, घंटा होईपर्यंत."

"आणि फाटक?"

"फाटक मी सांभाळते. फाटकाच्या बाहेर बसून सांभाळते, मग तर झालं? आत नाही येणार."

काका माझ्याकडे बघतच राहिले. "पोरींच्या जिन्यावर मी म्हातारा उभा राहिलो, तर लोक काय म्हणतील?"

"वॉचमन उभा आहे म्हणतील!" मी ओरडले. "जा ना हो काका! पाया पडते तुमच्या!"

माझा चेहरा कसा झाला होता देव जाणे. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. खुर्ची बाहेर काढून दिली, शिट्टी गळ्यातून काढून माझ्या हातात ठेवली, आणि गुडघे धरत धरत जिन्याकडे गेले. आयुष्यात कुणाची चाल मला इतकी संथ वाटली नसेल. मी गळ्यात शिट्टी घालून फुटपाथवर बसले. कुरिअरवाला आला, त्याची सही घेतली. दोन पालक आले, त्यांना थांबवलं. एकीनं मला ओळखलं आणि काही न विचारता परत गेली. सगळा वेळ डोळे काचेकडे होते. तीन पाठी हलल्या, पांगल्या, खाली उतरल्या. काचेत खाकी शर्ट आला आणि तिथंच राहिला.

मधेच मोठ्या बाई व्हरांड्यात आल्या. त्यांनी वर काचेकडे पाहिलं, मग फाटकाकडे, माझ्या गळ्यातल्या शिट्टीकडे. मी उठून उभी राहिले. आता काकांची नोकरी माझ्यामुळे गेली, एवढंच मनात आलं. त्या क्षणभर तशाच उभ्या होत्या. मग वळून आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

घंटा झाली. काका खाली आले, खुर्ची आत ओढली, शिट्टी परत घेतली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही झालं. त्या तिघी मला बघून गेल्या. ती बारकी पोरगी पायरीवर बसली होती, केस विस्कटलेले, कॉलर फाटलेली. मी काही बोललो नाही, तुम्ही सांगितलं तसं. मग तिनं डबा उघडला आणि जेवली." त्यांनी काठी भिंतीला टेकवली. "संपवला सगळा. आणि जाताना म्हणाली, काका, उद्या याल?"

"मग काय सांगितलंत?" मी विचारलं.

"येईन म्हटलं. पण बाई, एक तारखेला माझी बदली आहे. दुसऱ्या साइटवर."

एक तारखेला अकरा दिवस होते. पोरीची शाळा संपायला दीड वर्ष. मी फाटकाबाहेर उभी होते आणि मला आत जाता येत नव्हतं.

"उद्या मी पावणेएकला येते," मी काकांना म्हटलं. "खुर्ची बाहेर काढून ठेवा."